लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट: वेगवेगळी रूपे शेजारी ठेवून कशी वाचावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.च्या प्रकल्पासाठी लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा ही गोष्ट घेतली आहे. एका पुस्तकात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. दुसऱ्यात शिकारी तिला पोटातून बाहेर काढतो. तिसऱ्यात लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन येतो, आणि एका लेखात मुलगी स्वतःच पळून जाते असे म्हटले आहे. यांतली मूळ गोष्ट कोणती? तुलना कशी करायची? आणि लाल रंगाचा अर्थ काय लावायचा?

यातला लाल रंग सगळ्यांत शेवटी घ्या. आधी हातात असलेला मजकूर कोणाचा आणि कोणत्या सालचा हे ठरवायचे, मग प्रसंगांचा तक्ता करायचा, आणि तक्त्यात जे दिसेल त्यावर अर्थ उभा करायचा. हा क्रम उलटला की मोठमोठे अभ्यासकही फसतात. त्याचे उदाहरण पुढे दिले आहे.

मजकूर ओळखण्यापासून सुरुवात करू, कारण मुखपृष्ठावर 'ग्रिम बंधू' छापले म्हणून आत ग्रिमांचाच मजकूर असतो असे नाही. मुलांसाठीच्या बहुतेक पुस्तकांत फ्रेंच लेखक शार्ल पेरो आणि जर्मन कथासंग्राहक ग्रिम बंधू यांची सरमिसळ झालेली असते. पाच मिनिटांत पारख करता येईल अशा खुणा आहेत.

पहिली खूण शिदोरीची. शार्ल पेरोच्या गोष्टीत आई 'गालेत' म्हणजे चपटा भाजलेला केक आणि लोण्याचे लहान मडके देते. ग्रिमांच्या गोष्टीत केकचा तुकडा आणि वाइनची बाटली असते. फ्रान्सच्या खेड्यात नोंदवलेल्या तोंडी कथेत गरम पाव आणि दुधाची बाटली आहे. लोणी आणि शिकारी एकाच पुस्तकात भेटले तर दोन गोष्टी शिवून एक केलेली आहे, हे समजा.

दुसरी खूण शेवटच्या प्रश्नाची. 'आजी, तुझे दात किती मोठे!' हे पेरोचे वाक्य आहे. त्याच्याकडे प्रश्न पाच: हात, पाय, कान, डोळे, दात. ग्रिमांकडे चार: कान, डोळे, हात आणि शेवटी 'भयंकर मोठे तोंड'. दातांचा उल्लेखच नाही. आज सगळ्यांना दातच आठवतात, यावरून पेरोचे वाक्य ग्रिमांच्या गोष्टीत किती घट्ट शिरले आहे ते कळते.

तिसरी खूण हत्याराची. ग्रिमांचा शिकारी बंदुकीने नेम धरतो, पण आजी पोटात जिवंत असेल अशी शंका आल्याने थांबतो आणि झोपलेल्या लांडग्याचे पोट कात्रीने कापतो. कुऱ्हाड तिथे नाही. लाकूडतोडे पेरोकडे आहेत, पण ते रानात दूर काम करत असतात. त्यांच्या धाकाने लांडगा मुलीला वाटेत खात नाही, एवढेच त्यांचे काम. वाचवायला ते येत नाहीत. पेरोचा लाकूडतोड्या उचलून ग्रिमांच्या शिकाऱ्याच्या जागी ठेवला की कुऱ्हाडवाला तयार होतो. तुमचे तिसरे पुस्तक त्यातले आहे.

चौथी खूण टोपलीची. चित्रांत मुलीच्या हातात टोपली हमखास असते. पेरोच्या आणि ग्रिमांच्या मजकुरात ती नाही. ग्रिमांचा लांडगा विचारतो, 'एप्रनखाली काय धरलं आहेस?' टोपली हे चित्रकारांचे देणे आहे. प्रकल्पात 'टोपलीचे प्रतीक' असा परिच्छेद लिहायला घेण्याआधी हे तपासा.

आता तीन आधारमजकूर.

पेरोचे पुस्तक १६९७ साली पॅरिसमध्ये क्लोद बार्बें या प्रकाशकाकडून आले. त्यात आठ गद्य कथा आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी पद्यात 'मोरालिते' म्हणजे तात्पर्य आहे. अर्पणपत्रिका चौदाव्या लुईच्या पुतणीला उद्देशून असून तिच्याखाली सही पेरोच्या मुलाच्या नावाने आहे. १६९५ सालची पाच कथांची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे आणि ही गोष्ट तिच्यातही आहे. वाचक कोण, हे या सगळ्यातून स्पष्ट होते: दरबारी आणि दिवाणखान्यातली मंडळी. तात्पर्यात पेरो उघडच सांगतो की देखण्या तरुण मुलींनी कोणाचेही बोलणे ऐकू नये. लांडगे अनेक जातींचे असतात, आणि गोड बोलत मुलींच्या मागे घरापर्यंत, शयनगृहापर्यंत जाणारे सर्वांत घातकी. फ्रेंचमध्ये मुलीने 'लांडगा पाहिला' म्हणजे तिचे कौमार्य गेले, असा वाक्प्रचार आहे. पेरोच्या वाचकांना तो सांगावा लागत नव्हता. त्याची मुलगी कपडे काढून पलंगात शिरते, पाच प्रश्न विचारते आणि खाल्ली जाते. पुढे काही नाही.

ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ च्या डिसेंबरात निघाला आणि ही गोष्ट त्यात २६ व्या क्रमांकावर आहे. ती त्यांना कासेल शहरात हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणींकडून मिळाली. मुख्य कथा जानेटकडून, आणि तिला जोडलेली दुसरी, छोटी कथा मारीकडून. हे कुटुंब आईकडून फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांच्या वंशातले, सुशिक्षित, फ्रेंच जाणणारे. त्यामुळे 'जर्मन शेतकऱ्यांच्या तोंडची कथा' असे विधान या गोष्टीबद्दल करू नका. पेरोची छापील गोष्ट या घरात पोचलेली असणे सहज शक्य आहे. खुद्द ग्रिमांना ही अडचण जाणवत होती. बूट घातलेले मांजर आणि निळ्या दाढीवाला या दोन कथा पहिल्या आवृत्तीनंतर त्यांनी वगळल्या, त्या फार फ्रेंच वाटल्या म्हणून. लाल टोपी मात्र राहिली, कदाचित शेवट निराळा होता म्हणून. पोट कापून सुटका करण्याचा आणि मग लांडग्याच्या पोटात दगड भरण्याचा तसाच प्रसंग त्यांच्याच संग्रहातल्या पाचव्या कथेत, लांडगा आणि सात करडांच्या गोष्टीत आहे. शिकारी त्याआधी लुडविग टीक या जर्मन लेखकाच्या १८०० सालच्या पद्यनाटकात दिसतो, पण तिथे तो लांडग्याला मारतो तेव्हा मुलगी मेलेली असते.

ग्रिमांच्या संग्रहाच्या त्यांच्या हयातीत सात मोठ्या आवृत्त्या निघाल्या, शेवटची १८५७ ची. प्रत्येक वेळी विल्हेल्म ग्रिमने मजकूर घासूनपुसून घेतला. म्हणून 'ग्रिम' एवढेच लिहून भागत नाही, आवृत्तीचे साल लागते. दोन्ही टोकांच्या आवृत्त्यांत आईची सूचना शेजारी ठेवून पाहा. १८१२ मध्ये ती मोजकी आहे: नीट वाग, आजीला माझा नमस्कार सांग, वाट सोडू नकोस, नाहीतर पडशील, बाटली फुटेल आणि आजारी आजीला काही मिळणार नाही. १८५७ पर्यंत त्यात भर पडते: ऊन व्हायच्या आत निघ, खोलीत गेल्यावर आधी 'सुप्रभात' म्हणायला विसरू नकोस, कोपऱ्याकोपऱ्यांत डोकावत बसू नकोस. ही मध्यमवर्गीय घरातली शिस्त आहे.

तिसरा मजकूर तोंडी परंपरेतला. मध्य फ्रान्सच्या नीव्हर्ने भागात आशील मिलियाँ या संग्राहकाने १८८५ च्या सुमारास तो टिपला आणि विसाव्या शतकाच्या मध्याला पॉल दलारू या अभ्यासकाने प्रसिद्धीस आणला. 'आजीची गोष्ट' या नावाने तो ओळखला जातो. त्यात टोपीच नाही, लाल नाही की दुसऱ्या रंगाची नाही. मुलीला चौरस्त्यावर 'ब्झू' भेटतो, म्हणजे लांडग्याचे रूप घेणारा माणूस. तो विचारतो, कोणत्या वाटेने जाणार, सुयांच्या की टाचण्यांच्या? ती सुयांची वाट धरते. ब्झू आधी पोचून आजीला मारतो, तिचे थोडे मांस कपाटात आणि रक्ताची बाटली फळीवर ठेवतो. मुलगी आल्यावर आजीच्या आवाजात सांगतो, खा, पी. ती खाते. घरातले मांजर तिला शिवी देऊन सांगते की तू आजीचे मांस खाते आहेस. मग एकेक कपडा काढायचा आणि विस्तवात टाकायचा, 'आता तुला त्याची गरज नाही.' प्रश्नही वेगळे: अंगावर केस किती, नखे किती मोठी, खांदे किती रुंद, कान, तपकीर ओढायला नाकपुड्या, तोंड. शेवटी मुलगी म्हणते, मला बाहेर जायचे आहे. ब्झू म्हणतो, पलंगातच कर. ती हट्ट धरते, तो पायाला लोकरीचा दोरा बांधून सोडतो, आणि ती दोरा अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधून पळते. तो पाठलाग करतो, पण पोचतो तेव्हा ती आपल्या घरात शिरलेली असते.

आता तक्ता. वीसेक ओळी पुरतात, त्याहून जास्त केल्या तर तपशिलांची रद्दी होते. स्तंभ चार: पेरो १६९७, ग्रिम १८१२, ग्रिम १८५७, नीव्हर्ने १८८५. ओळींत हे घ्या: मुलीचे वय व नाव, टोपी कोणी दिली, शिदोरी, आईची सूचना, कोण भेटते, कुठे भेटते, वाट कोण निवडते, वाटेत मुलगी काय करते, दार कसे उघडते, आजीचे काय होते, जेवण, कपडे, पलंग, प्रश्नांची संख्या आणि क्रम, मुलगी खाल्ली जाते का, कोण सोडवते, कशाने, लांडग्याचे काय होते, शेवटचे वाक्य कोणाच्या तोंडी, वेगळे तात्पर्य आहे का. प्रत्येक चौकटीत मजकुरातलेच शब्द उतरवा, स्वतःचा सारांश लिहू नका. 'लांडग्याने फसवले' असे लिहिले की चारही स्तंभ सारखेच दिसतात. 'लांडगा शर्यत लावतो' आणि 'लांडगा फुले दाखवतो' असे लिहिले की फरक डोळ्यांत भरतो.

रिकाम्या चौकटीत 'नाही' हा शब्द लिहाच. या तक्त्यातली सर्वांत मोलाची माहिती बहुधा त्या 'नाही'मध्येच असते. आईच्या सूचनेची ओळ पाहा. पेरोकडे आई कसलीही ताकीद देत नाही. त्या बिचारीला लांडग्याशी बोलत थांबणे धोक्याचे असते हे ठाऊक नव्हते, असे निवेदक म्हणतो. नीव्हर्नेच्या कथेतही ताकीद नाही. ती फक्त ग्रिमांकडे आहे. म्हणजे 'आईचे न ऐकल्याची शिक्षा' हा अर्थ, जो शाळेत या गोष्टीचा एकमेव अर्थ म्हणून शिकवला जातो, तीनपैकी एकाच गोष्टीला लागू पडतो. पेरोची मुलगी आज्ञा मोडतच नाही, कारण आज्ञा दिलेलीच नाही. तिच्या मृत्यूचा दोष कोणावर येतो, हा प्रश्न तिथे जास्त बोचरा होतो. ग्रिमांकडे ताकीद असली तरी ती लांडग्याबद्दल नसून बाटली फुटण्याबद्दल आहे, हेही नोंदवा.

शेवटाच्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ द्या. पेरोकडे कोणी वाचवत नाही, आणि रिकामी राहिलेली जागा तात्पर्य भरून काढते: पात्र मेले, आता वाचणाऱ्या मुलीने सावध व्हायचे. ग्रिमांकडे बाहेरचा पुरुष वाचवतो. मुलगी बाहेर येऊन म्हणते की लांडग्याच्या पोटात किती अंधार होता, मग स्वतः मोठे दगड आणते, आणि शेवटी मनाशी ठरवते की आईने मना केले असताना पुन्हा वाट सोडायची नाही. तात्पर्य लेखकाच्या तोंडातून मुलीच्या मनात गेले. नीव्हर्नेच्या कथेत मुलगी स्वतःच्या युक्तीने सुटते आणि तात्पर्य कोणीच सांगत नाही.

एवढ्यावर बहुतेक लोक निष्कर्ष काढतात की लोककथेतली मुलगी चतुर होती आणि ग्रिमांनी तिला लाचार केले. हे अर्धे खरे आहे, कारण मारी हासेनफ्लुगकडून आलेला दुसरा भाग त्यांनी वाचलेला नसतो. जवळपास सगळी बालपुस्तके तो गाळतात. त्यात मुलीला दुसरा लांडगा भेटतो. ती सरळ आजीकडे जाते, सगळे सांगते, दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजी आदल्या दिवशी सॉसेज उकडलेले पाणी मुलीकडून दारापुढच्या मोठ्या दगडी डोणीत भरून घेते. वासाने लांडगा मान लांबवत घसरतो आणि डोणीत बुडून मरतो. शिकारी नाही, कात्री नाही. दोन बाया आणि स्वयंपाकघरातले पाणी. ग्रिमांचे मत मांडताना हा भाग गाळलात तर ते मत त्यांच्यावर लादलेले होईल.

अर्थ लावताना कुठे घसरतात, ते आता पाहू. एरिक फ्रॉम या मनोविश्लेषकाने १९५१ साली या गोष्टीचे विवेचन केले: लाल टोपी म्हणजे ऋतुप्राप्ती, बाटली फोडू नकोस म्हणजे कौमार्य जप, लांडग्याच्या पोटातले दगड म्हणजे वांझपण. इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८४ मध्ये आक्षेप घेतला की शेतकऱ्यांच्या कथेत टोपी, बाटलीची ताकीद आणि दगड यांतले काहीच नाही; ज्या तपशिलांवर इमारत उभी केली ते तपशीलच नंतरचे आहेत. तुमच्या तक्त्यात हे लगेच दिसेल: टोपी पेरोकडे आणि ग्रिमांकडे, बाटलीची ताकीद व दगड फक्त ग्रिमांकडे. १८१२ च्या कासेलमधल्या कथेबद्दल म्हणून फ्रॉमचे वाचन चर्चेला घेता येते. सर्व काळच्या मानवी मनाबद्दल म्हणून ते टिकत नाही.

पण डार्न्टनच्या बाजूलाही एक खड्डा आहे. १८८५ मध्ये टिपलेली कथा १६९७ च्या आधीच्या शेतकऱ्यांची म्हणून वाचणे हे गृहीतक आहे. तोंडी म्हणजे जुने असे आपोआप ठरत नाही; मधल्या दोनशे वर्षांत स्वस्त छापील पुस्तिकांमधून पेरोची गोष्ट खेड्यापाड्यांत फिरली होती. नीव्हर्नेच्या कथेतले वाटांचे, मांसाचे, दोऱ्याचे प्रसंग पेरोकडे नसल्यामुळे ते स्वतंत्र परंपरेचे आहेत असे मानायला चांगला आधार आहे, विशेषतः तेच प्रसंग आल्प्सच्या भागातून आणि इटलीतूनही मिळतात म्हणून. इटलीच्या अब्रुझ्झो भागातल्या रूपात लांडग्याऐवजी राक्षसीण आहे, मुलगी आजीचे दात घेवड्याचे दाणे समजून चावते, आणि पायाची दोरी बकरीला बांधून निसटते. तरीही प्रकल्पात 'मूळ कथा' असे न लिहिता 'पेरोपासून स्वतंत्र दिसणारी, १८८५ मध्ये नोंदवलेली' असे लिहा. शब्द जास्त लागतात, पण चूक होत नाही.

सुया आणि टाचण्यांच्या वाटेचा अर्थ लावायची चांगली पद्धत इव्होन व्हेर्दिये या मानवशास्त्रज्ञ बाईंनी दाखवली. हवेतून प्रतीक शोधण्याऐवजी त्यांनी बर्गंडीतल्या मिनो गावच्या बायकांच्या आयुष्यात टाचणी आणि सुई कुठे येते ते पाहिले. वयात येणाऱ्या मुलींना एक हिवाळा शिवणकाम करणाऱ्या बाईकडे पाठवत, आणि टाचणी ही त्या वयाची, नटण्यामुरडण्याची आणि मुलांकडून भेट घेण्याची वस्तू होती; सुई पुढच्या, जाणत्या बाईच्या आयुष्याची. त्या दृष्टीने आजीचे मांस खाण्याचा किळसवाणा प्रसंगही उलगडतो: एक पिढी दुसरीची जागा घेते. हा अर्थ पटो न पटो, त्याचा पुरावा गावात तपासता येतो. असा अर्थ आणि मनाने रचलेला अर्थ यांतला फरक परीक्षकाला लगेच कळतो.

मग 'मूळ कोणती' याचे काय? लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत, जी आर्ने, थॉम्प्सन आणि उथर या तिघांच्या नावांनी ओळखली जाते, ही गोष्ट ३३३ क्रमांकाचा कथाप्रकार आहे. लांडगा आणि करडे हा १२३. थॉम्प्सनच्या कल्पनाबंधांच्या, म्हणजे कथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान घटकांच्या सूचीत आजीचे सोंग घेणारा लांडगा के २०११ वर, 'तुझे कान एवढे मोठे का' ही प्रश्नमाला झेड १८.१ वर आणि पोटातून सुटका एफ ९१३ वर मिळते. तक्त्यात हे क्रमांक लिहिले की दुसऱ्या भाषेतली रूपे शोधणे सोपे जाते. डरहॅम विद्यापीठाचे जेमी तेहरानी यांनी २०१३ मध्ये जीवशास्त्रातली वंशवृक्ष काढण्याची गणिती पद्धत ५८ रूपांवर वापरली, ७२ कथाघटक धरून. त्यांत ३३३ आणि १२३ हे दोन वेगळे वंश निघाले, आणि चीन, कोरिया, जपानमधल्या वाघआजीच्या कथा या दोहोंच्या मिश्रणाजवळ पडल्या. त्या पूर्व आशियाई कथांत आई बाहेर गेलेली असते, वाघ आजी बनून घरात येतो, रात्री धाकट्या भावंडाला खातो, आणि थोरली मुलगी कुरकुर आवाज ऐकून ओळखते. बाहेर जाण्याचे निमित्त, दोरी आणि झाड पुन्हा हजर असतात.

सर्वांत जुना लेखी दुवा म्हणून लिएजच्या एग्बर्टची अकराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातली लॅटिन कविता दाखवतात. पाच वर्षांच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याने लाल लोकरीचा अंगरखा दिलेला असतो. लांडगा तिला पिलांपुढे टाकतो, पण पिले तिचे डोके चाटत बसतात. लाल वस्त्र, मुलगी, लांडगा आहेत. आजी, सोंग, प्रश्न नाहीत. आणि इथला लाल रंग देवाच्या संरक्षणाचा आहे, म्हणजे फ्रॉमच्या अर्थाच्या नेमका उलट. लाल रंगाबद्दल तुम्ही जे काही लिहाल ते 'अमुक मजकुरात' असे म्हणूनच लिहावे लागेल, ते यामुळे.

मराठी वाचकाला इथे हटकून चल रे भोपळ्या टुणुक टुणुक आठवते. रान, म्हातारी, खायला टपलेला वाघ, नात्यातल्या घरी जाणे, सगळे आहे. तरी ती ३३३ नाही. 'जाडजूड होईन, मग तू मला खा' म्हणून वेळ मारून नेण्याचा तो वेगळा प्रकार आहे, सूचीत १२२ एफ. कथाप्रकार सामानावरून ठरत नाही, घटनांच्या साखळीवरून ठरतो. स्वतंत्र प्रकरण म्हणून मात्र ही तुलना फार फळते. तिथे प्रवास उलटा आहे, म्हातारी लेकीकडे जाते. सोंग घेणारी तीच, भोपळ्याच्या आड. आणि रानातले बोलणे हे तिच्या सुटकेचे साधन आहे. युरोपातल्या मुलीचा घात ज्या बोलण्याने होतो त्याच बोलण्यावर आपली म्हातारी जगते. दोन्ही प्रसंगांतले संवाद समोरासमोर मांडा.

मराठी भाषांतर वापरणार असाल तर दोन जागी थांबा. फ्रेंच 'शापरॉं' म्हणजे डोक्यावरून मागे उतरणारे आवरण. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळची कुंची. जर्मन 'केप्शेन' मात्र छोटी टोपी, मखमलीची. 'लाल टोपी' म्हटले की आपण नकळत जर्मन बाजू घेतलेली असते. दुसरी जागा संबोधनाची. पेरोची मुलगी आजीला आदरार्थी बोलते, लांडगा तिला एकेरीत उत्तर देतो. ग्रिमांकडे दोघेही एकेरीत. मराठीत 'अगं आजी, तुझे कान' हे इतके सहज येते की पेरोच्या संवादातला तो वरच्या घराण्यातला अदबशीरपणा पुसला जातो. त्याच्यासाठी 'आजी, तुमचे हात किती मोठे' हेच करावे लागेल, कानाला थोडे परके वाटले तरी. आणि मराठी पुस्तक इंग्रजीवरून आलेले असेल तर कोणत्या इंग्रजीवरून, हे शिदोरी, दात आणि कात्री या तीन खुणांनी तपासून घ्या.

तक्ता पूर्ण झाल्यावर तिन्ही मजकूर मोठ्याने वाचा, निदान पलंगाचा प्रसंग तरी. १६९५ च्या हस्तलिखितात 'तुला खाण्यासाठी' या उत्तराच्या समासात सूचना आहे: हे शब्द मोठ्या आवाजात म्हणायचे, म्हणजे लांडगा आपल्यालाच खाणार असे वाटून मूल घाबरेल. पेरोची प्रश्नमाला त्या एका झडपेसाठी रचलेली आहे, प्रश्न आणि उत्तरे एकाच मापाची, पाचव्याला ताल तुटतो. ग्रिमांकडे 'भयंकर' हे एक विशेषण आधीच येऊन धोका सांगून टाकते. नीव्हर्नेच्या कथेत प्रश्न लांबतात, मध्ये तपकिरीसारखा हसवणारा तपशील येतो, आणि 'तुला खाण्यासाठी' नंतरही गोष्ट थांबत नाही, कारण मुलीला अजून बाहेर जायचे असते.